बदललेली मूठ

हत्यारांना परवाने लागू लागले तेव्हा ठाण्याच्या मोडवाल्यांकडे तलवारींचे ढीग येऊन पडू लागले. कोणी घाबरून मूठ काढून घेतली आणि पातं विहिरीत टाकलं. कोणी पात्याचे कोयते करून घेतले आणि मूठ तेवढी देवघरात ठेवली. अशी ताटातूट झालेली पाती आणि मुठी पुन्हा जुळवणं हा माझा धंदा. मासुंदा तळ्याच्या काठी एका खोलीत मी राहत असे. तिथेच भाता, तिथेच मुठीत भरायची लाख वितळवायचं भांडं, तिथेच चूल.

साहेबलोक आणि मुंबईचे हौशी शेठ भिंतीवर टांगायला तलवारी घेत. इतर कारागीर हाताला येईल त्या पात्यावर हाताला येईल ती मूठ बसवून मोकळे होत. मला ते सहन होत नसे. ज्या काळचं पातं, त्याच काळची मूठ, हा माझा हट्ट. जुन्या पात्यावर परवापरवाची मूठ दिसली की मला म्हाताऱ्याच्या डोक्यावर बाळाचं टोपडं घातल्यासारखं वाटे, आणि तसं मी तोंडावर बोलूनही दाखवी. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं टिकली, माणसं टिकली नाहीत.

टिकलेला माणूस एकच, माझा लहानपणापासूनचा मित्र. कल्याणला दूधनाक्याजवळ आईबरोबर राहायचा आणि एका व्यापाऱ्याच्या देवडीवर तलवार लावून उभा राहायचा. पटकीच्या एका साथीत माझी बायको गेली, दुसऱ्या साथीत तो गेला. मालक भला माणूस. त्याने खटपट करून ती तलवार परवान्यासह मित्राच्या म्हाताऱ्या आईकडे राहू दिली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी आगगाडीने कल्याणला जाई. म्हातारी दारातूनच म्हणे, "आलास? पाय धू आधी." मग तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि लेकाच्या त्याच त्या चार गोष्टी. मला पाय धू म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. ठाण्यात आठ-आठ दिवस माझा आवाज माझ्याच कानी पडत नसे. भाता अडला की त्याला शिव्या देई, तेवढंच काय ते बोलणं.

एका वर्षी नवरात्राच्या आधी तिने तलवार माझ्यापुढे ठेवली. "मूठ हलतेय रे. तेवढी घट्ट करून दे. खंडेनवमीला पुजायचीय."

घरी आणून मी पातं उजेडात धरलं आणि थक्क झालो. लांब, सरळ, तीन खोबणींचं फिरंगी पातं, फार जुनं, कधीतरी गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरलेलं. आणि मूठ? माझ्या बापाच्या वेळची, पितळेची, बाजारी. वर मित्राने घट्ट धरता यावी म्हणून चेंदणीच्या कोळ्यांकडून आणलेली जाळ्याची दोरी गुंडाळलेली, मळून काळी झालेली. माझ्याकडे एक पोलादी मूठ दहा वर्षं तेलकट फडक्यात पडून होती. थेट त्याच काळची, तसल्याच पात्यासाठी घडवलेली. चार शेठांना मी ती नाकारली होती. आता तिचं पातं सापडलं, असं मला वाटलं. म्हातारीला विचारायला हवं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. मूठ तापवून लाख सोडवली, पितळी मूठ मोडीच्या टोपलीत फेकली आणि नव्याने लाख भरून पोलादी मूठ बसवली. इतकं चोख काम मी पुन्हा केलं नाही. त्याच आठवड्यात पितळेची मोड वितळवणारा ओतारी येऊन टोपली घेऊन गेला.

कल्याणला तलवार तिच्या मांडीवर ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तिने पात्याकडे पाहिलंच नाही. मुठीवरून हात फिरवला, थांबवला.

"आणि ती?"

"आई, ही खरी या पात्याची. ती नंतरची होती, हलकी."

"असेल," ती म्हणाली. "पण पात्याला का कोणाचा हात लागतो, बाबा? तो मुठीला लागतो."

"दुकानात आहे ती," मी म्हणालो. "पुढच्या खेपेला बसवून आणतो."

परत येताच ओताऱ्याकडे धावलो. मूठ वितळून तिची बैलांची घुंगरं झाली होती आणि घुंगरं विकलीही गेली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. सांगितलं तर ते दार बंद होईल, ही एकच भीती.

मग उभ्या जन्मात ज्याला शिव्या घातल्या तेच केलं. आठवणीने साचा करून तशीच मूठ ओतून घेतली, टोकाकडचा पोचासुद्धा ठोकून उठवला. चेंदणीहून तशीच दोरी आणली. तेल-काजळी लावून पाहिली, पण तो काळेपणा वरवरचा दिसे. शेवटी रोज काम आटोपलं की ती मूठ हातात घट्ट धरून बसू लागलो. ती खंडेनवमी म्हातारीने पोलादी मुठीवरच भागवली. आज विसरलो, उद्या आणतो, असं करत मी वर्ष काढलं. माझ्या घामाने दोरी काळी झाली, अंगठ्याखाली दबली. त्या वर्षात हातात हात म्हणून एवढंच काही होतं माझ्या.

दुसऱ्या नवरात्राआधी तलवार ठाण्याला आणली आणि ती मूठ बसवून तिच्यापुढे ठेवली. तिने दोरीवर बोटं टेकवली, हळूच मिटली. डोळ्यांतून पाणी आलं.

"हीच. हा बघ, इथे त्याचा अंगठा यायचा." मग तलवार माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तूही धर. त्याचा हात धरल्यासारखं वाटतं."

मी धरली. माझी बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

"वाटलं ना रे?"

"वाटलं, आई."

ती पान वाढायला उठली. गाडीची वेळ झाली असं सांगून मी तसाच उठलो. गाडीला अजून दोन तास होते. ते मी कल्याणच्या फलाटावर बसून काढले, आणि त्या घरी पुन्हा जेवायला गेलो नाही.