मोकळी गिरणी

"गिळली? आ कर. जीभ वर. आता डावीकडं फिरव. हाव, गेली. जा आता, अन् भाईर कुठं दिसलो तर मला वळखू नको."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की दाताच्या डॉक्टरनं "आ करा" म्हटलं तर माझी जीभ आपोआप वर जाते आणि डावीकडं फिरून येते. डॉक्टर बिचारा घाबरतो.

बोलणारे आमचे गिरणीवाले मामा. सगळ्या गावाचे मामा, म्हणजे हिशेबानं कुणाचेच नाहीत. जळकोटकडून नांदेडला जाणाऱ्या जीपा ज्या फाट्यावर थांबतात, तिथं त्यांची पिठाची गिरणी आणि तिला चिकटून माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मध्ये एक पत्रा. पत्र्याला कान असतात असं कुणी म्हणत नाही, पण दुकानदाराला असतात.

तुम्ही गिरणीवाले पुष्कळ पाहिले असतील. आमचे मामा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. भुवयांवर ज्वारी, कानांत गहू, आणि नाकात बहुधा हरभऱ्याची डाळ. ते शिंकले की एका माणसाच्या भाकरीची सोय व्हायची. आयुष्य गेलं पट्ट्याच्या आवाजावर ओरडण्यात, त्यामुळं हळू बोलणं त्यांच्या गळ्यात उरलंच नव्हतं. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं तर देगलूरकडच्या म्हशी मान वर करून बघायच्या.

आणि अशा माणसाच्या हाती गावानं आपलं सगळ्यात मोठं गुपित दिलेलं होतं. मामा टीबीच्या गोळ्या खाऊ घालायचे.

झालं होतं असं. टीबीच्या गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकता घ्याव्या लागतात. आशाताई त्या घरी आणून द्यायला तयार असायची. पण आशाताई एखाद्या घरी रोज गेली, आणि त्या घरात बाळंतीण नसली, तर गल्ली दोन दिवसांत निदान करते. मग पोरीची सोयरीक मोडते, चहाचा कप वेगळा होतो, माणूस जिवंतपणीच फोटोत जातो. म्हणून आशाताईनं गोळ्या मामांकडं ठेवल्या. गिरणीवर कुणीही यावं, कुणीही खोकावं. तिथं सगळेच खोकतात. मिरची कांडायला लागली की सरपंचसुद्धा टीबीचा वाटतो.

माणूस डबा घेऊन यायचा. मामा मोटार चालू करायचे, म्हणजे त्यांचं ओरडणं बाहेर जाऊ नये. दगडांत दाणा नसला की गिरणीचा आवाज वेगळा येतो, कोरडा, करकरीत. तेवढा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचो. मागच्या दाराशी लिंबाखाली गोळी, पाण्याचा तांब्या, आणि "आ कर". नवा माणूस असला तर त्याला पहिले काही आठवडे आत घ्यायचेच नाहीत. तोंडाला रुमाल बांध म्हणायचे, वाऱ्यात उभं ऱ्हा म्हणायचे. गिरणी अशी मोकळी फिरून दगड झिजायचे. मामा छिन्नीनं त्यांना पुन्हापुन्हा टाकी लावत, खरबरीत करत बसायचे आणि शिव्या घालायचे. शिव्या दगडाला की जंतूला, ते पत्र्यातून कळत नसे.

माया वगैरे काही नव्हती बरं. एक दिवस चुकला की माणसाला घोड्यासारखं झापायचे. "मरायलालास का? मर. पण जाताना बायकोला, लेकराला देऊन जाशील, ती मस्ती कामून?" आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून आणली नाही, तर दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून बसायचे.

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला हा उद्योग कुणी सांगितला?"

"मला झालता की तरुणपणी. बापानं गोठ्यात टाकलं, ताट येगळं केलं. मी बरा झालो." मामांनी टाकीचे दोन घाव घातले. "ताट परत घरात गेलं. मी न्हाई गेलो."

त्यांची गिऱ्हाइकं तर एकाहून एक. काशीआक्काचं सांगतो. आक्का म्हणजे आमच्या बाजारपेठेतलं बडं घर. मुलगा शिवानंद, त्याचं बी-खताचं दुकान. शिवानंदला आईचा आजार ठाऊकच नव्हता. नातीची सोयरीक उदगीरला जुळत होती, म्हणून आक्कानं तो पोटच्या पोरापासूनही लपवला होता. आता ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, म्हणून थोडंथोडं ताजं दळणं आमच्याकडं नवं नाही. आक्का रोज डबा घेऊन यायची. पण रोज दळून रोज खाणार कोण? म्हणून तीच ज्वारी घरून गिरणीत आणि गिरणीतून घरी. त्या ज्वारीनं सहा महिन्यांत जेवढा प्रवास केला तेवढ्यात माणूस पायी तिरुपतीला जाऊन आला असता. शेवटी तिच्यात किडे झाले. मामा म्हणाले, "आक्का, डबा तरी बदला. किड्यांना रस्ता पाठ झालाय." आक्का हसली. हसताना खोकली नाही. त्या दिवशी मामांनी मला स्वतःच्या खिशातून चहा पाजला. यावरून काय ते समजा.

आक्का बरी झाली. सोयरीक झाली, लग्न झालं. सगळ्या गावाला निमंत्रण, मामांना नाही. मी चिडलो, तर मामा म्हणाले, "बरोबर हाय. मी गेलो अन् ती कुठं हात जोडून बसली, तर? मीच सांगितलंय तिला, वळखू नको म्हणून."

मग आला बालाजी. काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर, गळ्यात रुमाल, हॉर्नवर गाणं. दुसऱ्याच दिवशी मागच्या दारातून ओरडला, "मामा, लघवी केशरी होलालीय!"

"होऊ दे. गोळी काम करलालीय."

फाट्यापासून कंधारपर्यंत रस्त्याकडेच्या बाभळी बालाजीनं रंगवल्या असतील. तोही सुधारत चालला होता, अंगावर मांस धरत होता. आणि तो अर्ध्यावर असतानाच मामांवर संकट कोसळलं. संकट म्हणजे, मामांचा सत्कार झाला.

खोटं वाटेल, पण आमच्याकडं शिव्यांनी माणूस मरत नाही, सत्कारानं मरतो. टीबीचा कसलासा दिवस होता. आरोग्यखात्याचे कुणी नवे साहेब होते, चांगल्या मनाचे, आणि चांगल्या मनाच्या साहेबाला आवर कोण घालणार? त्यांनी मामांना तालुक्याला नेलं. शाल, नारळ, फोटो. मामा पहिल्यांदा अंघोळ करून गेलेले; मी ओळखलं नाही. परत आले ते शाल काखेत कोंबून. म्हणाले, "साहेब लई बोललं. मी म्हणलो, इतकं बोलू नका. तर ते म्हणलं, मामा, तुमची कदर व्हायला पायजे."

कदर संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर आली. शालीतले मामा, आणि खाली लिहिलेलं, ‘आपल्या गिरणीत टीबीच्या पेशंटना रोज गोळ्या खाऊ घालणारे आपल्या गावचे भूषण.’ माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेले सगळे फोन एकदम टणटणले. कुणीतरी खाली लिहिलं, ‘म्हणजे टीबीवाले रोज गिरणीत येतात?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आपण तेच पीठ खातो.’ रात्रीच्या जेवणाला गावात कुणी भाकरी खाल्ली नाही म्हणतात. सगळ्यांनी भात खाल्ला. तांदूळ तर दुकानातला, तो आभाळातून पडतो.

मारुतीच्या मंडपात बैठक बसली. बोलावली शिवानंदनं. तो उभा राहिला. "मामा, तुमची इज्जत हाय आमाला. पण लेकराबाळांच्या पोटात जालालंय पीठ. गिरणी बंद करा."

मामा ओरडले, म्हणजे साधं बोलले. "टीबी पिठातून येत न्हाई बाबा. कपातून न्हाई, ताटातून न्हाई. खोकल्यातून येतो, हवेतून. जो नीट गोळ्या खायलाय, तो थोड्या दिवसांत कुणाला देईनासा होतो. भ्यायचं तर लपून खोकणाऱ्याला भ्या."

"मग सांगा की, कोणकोण येतंय. आमी त्यांना तेवढं टाळतो. गिरणी चालू ठेवा तुमची."

तेव्हा मारुतीनं शेपूट हलवलं असतं तर ऐकू आलं असतं. मला पत्र्यामागून ज्यांचे आवाज ठाऊक होते ते सगळे तिथं बसले होते. कुणी चपलेची माती काढत होता, कुणी मुंगी बघत होता. खांबाला टेकून बालाजी किल्ली फिरवत होता, ती थांबली. बायकांच्या बाजूला आक्कानं पदर तोंडावर घेतला. तिनं त्या वेळी नुसतं "मी" म्हटलं असतं, तर तिच्याच पोराला खाली बसावं लागलं असतं.

मामांनी काय केलं ठाऊक आहे? त्यांनी मान वर केली आणि छताच्या पंख्याकडं बघायला लागले. पुढचं सगळं ते पंख्याशीच बोलले. नजर कुणावर चुकून टेकली तर लोक ओळखतील म्हणून.

"नाव सांगत न्हाई," ते पंख्याला म्हणाले. "एकाचं अजून अर्धं ऱ्हायलंय. तेवढं होऊ द्या. मग माझा मीच कुलूप लावतो."

"कोणाचं?"

"सांगत न्हाई."

"मग आजच लावा," शिवानंद म्हणाला. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. आमच्याकडं ठराव असाच पास होतो. मला विचाराल तर मला सगळी नावं ठाऊक होती. पण मामा पंख्याकडं बघत असताना ती उच्चारायला माणूस माझ्याहून हलका पाहिजे होता, किंवा माझ्याहून मोठा.

कुलूप लागलं. महिन्याच्या आत शिवानंदच्या घरामागं नवी गिरणी बसली. मी काही म्हणत नाही.

मामा मात्र रोज सकाळी बंडीच्या खिशात गोळ्या घालून जीपच्या स्टँडवर जायला लागले. बालाजीसाठी. आता तुम्हाला काळीपिवळीचा कायदा ठाऊक आहे: आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून झाली, टप भरला, बॉनेटवर एक जण चढला, की मग ड्रायव्हर तंबाखू मळायला घेतो. पण मामा फाट्यावर दिसले की बालाजीची जीप सुटायची. रिकामी सुटायची. एकटी म्हातारी आत, आणि जीप निघाली भरधाव. मामा हात वर करून धुळीत उभे. जीप रिकामी जाते यावरूनच गावानं खरं तर ओळखायला हवं होतं, पण लोक म्हणाले, बालाजी सुधारला.

आशाताईनं त्याच्या हातात गोळ्या दिल्या. "घेतोस ना रे?" "हाव ताई, रोज." कुणी आ करायला लावणारं नव्हतं. माझ्याकडं फोनची काच बदलायला आला तेव्हा मी दबक्या आवाजात झापलं. तो म्हणाला, "आता खोकला न्हाई, वजन वाढलंय. ठणठणीत हाय. अन् मामाच म्हणले न्हाईत का, वळखू नको?"

पुढं जीप विकली तेव्हा सीटखाली गोळ्यांची पाकिटं निघाली, न फोडलेली. बालाजीनं मामांना ओळख दिली नाही, पण अर्धवट मारलेल्या जंतूनं गोळ्यांना नीट ओळखून ठेवलं होतं. आजार परत आला, तो त्या गोळ्यांना जुमानेना. लातूरला मोठी औषधं सुरू झाली. त्याआधी छाती संपत आली होती. बालाजी लातूरहून परत आला तो त्याच्याच जुन्या जीपमधून, आडवा. त्याची बायको आता स्वतःसाठी लातूरहून गोळ्या आणते आणि गावात सांगते, माहेरी जाऊन आले.

बालाजीच्या मातीला मामा गेले. लोक सरकले, त्यांच्याभोवती मोकळी जागा झाली. मामा त्या जागेच्या मधोमध उभे राहिले, नेहमीसारखं आभाळाकडं बघत. मग ते नांदेडला लेकीकडं निघून गेले. जाताना मला म्हणाले, "दगडांना उंदीर लागत न्हाईत, बरं हाय."

परवा त्यांच्या जावयाचा फोन आला. मामा गेले, झोपेत, म्हातारपणानं. मी ग्रुपवर टाकलं. खाली पहिलं उत्तर आलं, ‘टीबीच असणार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेलो. आता पुढचं मी वाढवून सांगत नाहीये; उलट यातलं काही कमी करता आलं तर बघतोय. कुलूप गंजलेल्या त्या गिरणीपुढं माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात दळणाचा डबा. काशीआक्का होती, बालाजीची बायको होती, बैठकीत मुंगी बघणारा होता. सगळे एकमेकांचे डबे बघत होते, आणि डबे बघून एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत होतं: अरे, हाही?

तेवढ्यात शिवानंद मोटारसायकलवरून आला. थांबला.

"आई? तू हितं काय करलालीस? आपली गिरणी हाय की घरामागं."

"सवयीनं आले रे."

"अन् तुमी सगळे?"

"सवयीनंच," कुणीतरी म्हणालं. एकेक डबा काखेत गेला, एकेक जण वेगळ्या गल्लीनं चालू लागला.

शिवानंदनं गाडीला किक मारली. "गेला म्हणं तो गिरणीवाला."

आक्कानं डबा कमरेवर घेतला. झाकण नीट बसलं नव्हतं, ते खडखडत होतं. तिनं त्यावर हात दाबून धरला, तरी खडखडत राहिलं.

"कोण गिरणीवाला?" आक्का म्हणाली.