वाढपकाकांचं पान

वाढपकाका जेवणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. हातात पोळ्यांची परात किंवा वरणाचं भांडं घेऊन ते पंगतीतून वाकून चालत, आणि नजर सतत पानांवर. "तोंड खोटं बोलतं हो, बस-बस म्हणतं. पान खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. नव्वदच्या दशकात देवासच्या आमच्या कॉलनीतलं एकही मराठी लग्न, मुंज किंवा बारसं त्यांच्यावाचून पार पडलं नाही. मूळचे धारचे, नोकरी इथल्या कारखान्यात, शिफ्ट-इनचार्जची. त्यांचं खरं नाव कारखान्यात चालत असेल, आमच्यासाठी ते वाढपकाका.

त्यांचा आग्रह म्हणजे जबरदस्ती नव्हे, चेष्टामस्करी. कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले बाफले वाढताना कोणी ताटावर हात आडवा धरला की म्हणत, "भिया, एकटा बाफला पोटात रडेल. जोडीदार देऊ त्याला." नवे जावई लाजत जेवत असले की सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारत, "जावईबापू, घरी पण असंच चिमणीसारखं खाता, की आमच्या स्वयंपाकात खोट आहे?" जावई लाल होत आणि आणखी दोन पोळ्या खात.

मला याद्यांची सवय. कार्य कोणाचंही असो, सामान, पाहुणे, गाड्यांच्या वेळा सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. काका तो कागद हातात घेत, मुद्दाम उलटा धरत आणि गंभीरपणे म्हणत, "मॅनेजरबाई, सब कुछ आहे, पण यात भूक कुठे लिहिली आहे?" मी चिडत असे. पण अमुक पंगतीला बसणारे किती, हे माझ्या कागदापेक्षा त्यांना आधी कळे, हेही खरं. ते स्वतः शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांबरोबर बसत, मांडी ठोकून, आणि मग जे जेवत ते बघत राहावं असं.

निवृत्तीच्या जरा आधी त्यांना घशाचा आजार झाला. इंदूरला उपचार झाले, किरणांचा शेक दिला, रोग आटोक्यात आला. काका परत आले, परात उचलली, मस्करीही सुरू झाली. फक्त शेवटच्या पंगतीची पानं मांडली जाऊ लागली की ते दिसेनासे होत. "घरी काकू थांबल्यात," एवढं सांगून जात. या वयात बायकोचं एवढं प्रेम म्हणून आम्ही हसायचो.

एका दुपारी काकू माझ्याकडे निवडायला तांदूळ घेऊन बसल्या होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "स्वयंपाकघराचं दार लावून जेवतात गं. मलासुद्धा आत येऊ देत नाहीत." शेकाने तोंडातली लाळ सुकली होती. कोरडा घास उतरत नसे, ठसका लागे, कधी घास बाहेर येई. "मी म्हटलं, मऊ भात घ्या आणि बसा चार लोकांत. तर म्हणतात, ज्या माणसाने जन्मभर लोकांना जेवू घातलं, त्याने आता लोकांचं जेवण नासवायचं? पंगत संपली म्हणाले माझी." तांदळात खडा नव्हता, तरी काकू बराच वेळ एकाच जागी निवडत राहिल्या.

पुढे काही वर्षांनी आम्ही कॉलनीतल्या चार घरांनी सिंगापूर-मलेशियाची सहल काढली. व्यवस्था अर्थात माझी. प्रत्येक गावातलं शाकाहारी भारतीय हॉटेल आधीच ठरवून ठेवलं होतं. काका रोज आमच्याबरोबर दारापर्यंत येत, "पोट जरा जड आहे" म्हणत आणि खोलीवर जाऊन दही-भात खात. काकू आमच्यात बसत, पण लक्ष दाराकडे.

क्वालालंपूरला एका संध्याकाळी आमचं ठरलेलं हॉटेल बंद निघालं. भुकेने सगळे कुरकुरायला लागले होते. त्याच गल्लीत एक लेबनॉनचं खाणं मिळणारं ठिकाण होतं. मी आत जाऊन मांसाचं, अंड्याचं, तेलाचं सगळं विचारून आले आणि सगळ्यांना आत घेतलं. काका म्हणाले, "तुम्ही बसा, मी चक्कर मारून येतो." काकू एवढंच म्हणाल्या, "परक्या गावात मी एकटी बसू?" काका बसले. टेबलाच्या टोकाला, भिंतीशी.

मालक म्हातारा होता, काकांच्याच वयाचा. त्याने स्वतः येऊन लहान-लहान बशा मांडल्या. वाटलेले काबुली चणे, भाजलेल्या वांग्याचं मऊ काहीतरी, चक्क्यासारखं घट्ट दही, हिरवी पानं चिरून केलेली कोशिंबीर, मसुराचं सूप, टोपलीत गरम पाव. आम्ही बघितलं आणि ओळखलं: ही पानाची डावी बाजू. चटण्या, कोशिंबिरी आल्या, आता भाजी, वरण, भात येईल. आणि सगळं वाढून होईपर्यंत, भातावर तूप पडून वडीलधारा माणूस सुरू करेपर्यंत घास उचलायचा नाही, हे आमच्या हाडात. आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

तो म्हातारा लांबून बघत होता. पाव थंड होत चालला. शेवटी त्याला राहवलं नसावं. चेहरा अगदी पडलेला, आपल्या जेवणात काय खोट निघाली अशा काळजीचा. तो तेलाची बाटली घेऊन आला आणि चण्यांच्या बशीवर ऑलिव्हच्या तेलाची धार धरली.

"घ्या, तूप पडलं!" आमच्यातले एक जण म्हणाले. सगळे हसले आणि सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. सर्वांत मोठे तेच. त्यांनी सुरू केल्याशिवाय कोणी सुरू करणार नव्हतं.

काकांचा चेहरा उतरला. "तुम्ही करा सुरू. माझं पोट..." पण म्हाताऱ्याला भाषा कळत नव्हती. त्याला एवढंच दिसलं की सगळे या माणसासाठी थांबले आहेत. त्याने चमच्यावर चणे घेतले, वर थोडं तेल, आणि चमचा थेट काकांच्या तोंडापुढे धरला. काकांनी हात आडवा केला. "बस भिया, बस." म्हातारा हलला नाही. मान वाकडी करून, डोळे मोठे करून, त्याच्या भाषेत काहीतरी लाडाने बोलत राहिला. शब्द कळले नाहीत, पण तो आग्रह होता, त्यात शंका नव्हती.

जन्मभर आग्रह करत आलेल्या माणसाला कोणी आग्रह करताना मी प्रथमच बघत होते. काकांनी तोंड उघडलं.

घास उतरला. त्यांनी दुसरा घेतला, मग वांग्याचा. "धारला माझी आई थंडीत भाजायची, तसा धूर आहे याला," म्हणाले. तिसऱ्या-चौथ्या घासाला ठसका लागलाच, मोठा, डोळ्यांतून पाणी आणणारा. ते उठायला निघाले. म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं, सूप पुढे सरकवलं आणि शेजारच्या टेबलाकडे निघून गेला, जणू घडलं त्यात विशेष काही नव्हतं. आम्हीही जेवत राहिलो. काकू पावाचा तुकडा हातात धरून रडत होत्या, आणि काका त्यांच्यावर ओरडले, "अगं, पाव गार होतोय!"

निघायच्या सकाळी, काकूंनी कोणाला तरी भेट द्यायला घरून आणलेली, धारकडच्या बाग गावच्या छापाची चादर काकांनी त्या म्हाताऱ्याला नेऊन दिली.

त्यानंतर देवासला ते शेवटच्या पंगतीला बसू लागले. काकू चणे शिजवून तिळाबरोबर वाटून देत, त्याची वाटी घेऊन. ठसका लागे, थांबत, पुन्हा सुरू करत. दोनेक वर्षं अशी गेली, मग आजार उलटला. नाकातून नळी घातली. आवाज गेला.

त्यांना शेवटचं मी माझ्या मुलीच्या लग्नात बघितलं, धारला, जावयाच्या गावी. पहिल्या पंगतीच्या आधी काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना एक पान मांडशील का? खाणार नाहीत. बसणार आहेत." मी पान मांडलं, सगळं वाढलं, भातावर तूपही. काका दोघांच्या आधाराने बसले. पाणी हातात घेऊन पानाभोवती फिरवलं, आणि पंगत सुरू झाली.

पण त्या नळीकडे बघून कोणाला जेवण जाईना. सगळे माना खाली घालून भराभर घास गिळत होते, लवकर उरकावं म्हणून. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी भाताला बोट लावलं, मान वर केली आणि त्या दिवशी प्रथमच एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग उजवा हात पुढे करून, उघडा पंजा हवेत हळूहळू खाली दाबला. होऊ द्या सावकाश.

आम्ही सावकाश जेवलो. शेवटचा माणूस उठेपर्यंत ते पानावर बसून होते.