अक्काचं रबराचं झाड
सून ओल्या फडक्यानं रबराच्या झाडाची पानं पुसायला लागली, की मला इंग्रजी अमदानीतली नगरची आमची पुढची खोली आठवते. माझी थोरली बहीण अक्का क्षयाच्या दवाखान्यात गेली, तेव्हा जाताना कुंडीतलं तिचं लाडकं झाड माझ्यावर सोपवून गेली. मी आपलं तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घातलं आणि तिथंच चुकलं बघा. मुळं कुजली, सगळी पानं पिवळी पडून गळाली. भेटायला गेले तर खिडकीतून तिनं पहिलं हेच विचारलं, "झाड कसं हाय गं माझं?" मी म्हटलं, "लई नवी पानं आलीत." "मग पुसायला येतेच बघ," म्हणत खोकता खोकता हसली. ती आलीच नाही. आता मी कुंडीत बोट खुपसून ओल बघते, मगच पाणी घालते. आता जमतं गं अक्का मला.