मुलगा बघायला सातपूरला

घोटीहून सकाळची एसटी धरली. घरी सांगितलं, नाशकाला डोळे दाखवायला जाते. खरं तर मुलगा बघायला निघाले होते. माझ्या नातीला, सुनंदाला, सातपूरचं स्थळ आलं होतं. मध्यस्थ माझा धाकटा भाऊ, तात्या. तो म्हणाला, मुलगा कारखान्यात कायम आहे, कंपनीच्या बसने ये-जा करतो. तात्या लहानपणापासून वाढवून बोलतो. सुपारी फुटायच्या आत आपल्या डोळ्यांनी बघून यावं म्हटलं. पिशवीत भाकरी, ठेचा आणि मुलाचा फोटो.

सीबीएसवर (नाशिकचा मोठा एसटी स्टँड) उतरले तर रिक्षावाले अंगावरच आले. त्यांचं भाडं ऐकून मी शहर बसकडे वळले. चौथीपर्यंत शिकले आहे, पाटी वाचता येते; पण पाटी वाचून होईपर्यंत बस थांबत नाही. दिसली तिच्यात चढले. पूल आला, खाली गोदावरी दिसली, तेव्हा शेजारच्या बाईला विचारलं. तिच्या पायाशी मेथीचं गाठोडं होतं.

"सातपूर कधी येईल?"

"नाय येत. ही पंचवटीला चालली, मावशी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"मला काय माहीत? म्हाताऱ्या बाया देवालाच जातात इकडं."

तिच्याबरोबरच उतरले. परतीची बस कुठे थांबते ते तिने दाखवलं. नदी बघून झाली. कपडे जास्त, पाणी कमी.

सातपूरला देवळं कमी, पत्र्याच्या शेड जास्त. हवेला तापल्या तेलाचा वास. कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. बसते."

"इथं बसायला बंदी आहे."

"मग उभी राहते."

तो हसला आणि त्याने समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट केलं. तिथल्या बाकावर भाकरी खाल्ली. चहावाली बाई बोलकी होती. म्हणाली, "आता दुपारची पाळी येईल. कायमवाले कंपनीच्या बसनं. ठेकेदाराची पोरं शेअर रिक्षानं (अनोळखी माणसं मिळून करतात ती). त्यांना बसमधी घेत नाय."

बस आली. उतरणारा एकेक चेहरा फोटोशी ताडून पाहिला. आमचा त्यात नव्हता. रजेवर असेल म्हटलं.

मग एक रिक्षा आली. मागे चौघं कोंबलेले, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यातला एक अर्धा बाहेर होता. तो उडी मारून उतरला. फोटोतलाच. फक्त कोट नव्हता.

हाक मारली. "मी सुनंदाची आजी."

शर्ट खोचून तो वाकला.

"पाया नंतर पड. कायम आहेस का?"

"नाही आजी. ठेकेदाराकडं आहे. तात्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं मी."

भोंगा झाला. "जाऊ का? उशीर झाला तर खाडा लावतात."

जा म्हटलं. फाटकातून वळून तो म्हणाला, "आजी, इथं बस थांबत नाही. पुढच्या चौकात जा."

तात्याला त्याने खरंच आधी सांगितलं होतं का, हे सातपुरात कळणार नव्हतं. चौकात बस सोडून मुद्दाम शेअर रिक्षात बसले. ते लोक कसे येतात ते बघायचं होतं. मला मधे बसवलं. दोन्ही बाजूंनी माणसं; पडायचं म्हटलं तरी जागा नाही. कडेच्या माणसाचा पाय मात्र वाटभर बाहेर होता.

घोटीला उतरून आधी तात्याच्या दुकानात गेले. तो तांदळाच्या पोत्याला टेकून बसला होता.

"मुलगा कायम आहे म्हणालास."

"होईलच की अक्का, वर्षा-दोन वर्षांत. मी जरा आधी सांगितलं."

म्हणजे मुलगा खरं बोलला होता. तात्याला जे बोलायचं ते गिऱ्हाइकांसमोरच बोलले.

घरी सुनंदा भाकरी थापत होती. पाहिलं ते सगळं तिला सांगितलं. आवडला की नाही, ते सांगितलं नाही.

"रिक्षात कुठं बसला होता?"

"ड्रायव्हरशेजारी. अर्धा बाहेर."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुला वाट माहीत झाली ना आता? मला ने एकदा. राहिलेलं मी विचारते."

शहर मोठं असलं तरी कोण कशातून उतरतं ते बघत बसलं की बरंच कळतं. पुढच्या आठवड्यात सुनंदाला घेऊन निघते आहे. या खेपेला पाटी तिला वाचायला लावणार.