शालू एक, नवऱ्या दहा

"आदी तापू दे, मग बोलू," असं म्हणून ते आमच्या फाटकाबाहेर जुनी वर्तमानपत्रं पेटवायचे आणि त्या जाळावर हलगी शेकायचे. कातडं ताणलं गेलं की बोटाने एक टिचकी. आवाज पसंत पडेपर्यंत चहासुद्धा घेत नसत. "ठेवा बाई तितं. हिचं झाल्यावर माझं."

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे, मागच्या गल्लीतले हलगीवाले. कुस्तीच्या मैदानात पैलवानांनी हात मिळवले की यांची हलगी सुरू व्हायची आणि कुस्ती रंगेल तसा ठेका चढत जायचा. तो ठेका त्यांनी स्वतः बसवलेला होता. जुने शौकीन डोळे मिटून ओळखायचे.

एका स्टुडिओवाल्याने त्यांना बोलावून तो ठेका रेकॉर्ड करून घेतला. मग त्यावर गाणी निघू लागली. एकाने बैलगाडी शर्यतीचं गायलं, दुसऱ्याने हळदीचं, तिसऱ्याने कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. गळे वेगळे, शब्द वेगळे, खाली ठेका तोच. सुरुवातीला ते आमच्या पायरीवर बसून हसायचे. "ह्ये बी माझंच की बाई. शालू येक, नवऱ्या धा."

इरा, तू फोनवर म्हणालीस की जमैकात हे रोजचंच आहे. एका ठेक्यावर कितीतरी गायक गातात, पण त्या ठेक्याला स्वतःचं नाव असतं, आणि तो कोणी केला हे लोकांना ठाऊक असतं. मी ते त्यांना सांगितलं.

"ठाऊक असतंय व्हय? मग आपल्यात बी कुणीतरी येकदा सांगावं की. दुसरं काय नगं."

कोणी सांगितलं नाही. उलट पुढच्या मैदानात त्यांनी ठेका धरला आणि निवेदक माइकवरून म्हणाला, "आजोबा, गाण्यातलं हुबेहूब उचललंय की." मैदान हसलं. कुस्ती चालू असताना त्यांनी हलगी खाली घेतली. असं ते आयुष्यात कधी वागले नव्हते.

"माझंच मी चोरलं म्हनं, बाई," एवढंच मला येऊन सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. तो माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "ठेका काय कुणाच्या बापाचा असतोय व्हय, आज्जी?"

"बापाचा नसतो. वाजवणाऱ्याचा असतो. त्यांचं नाव घाला."

"घालू की."

अजून घालतोच आहे. आमच्या फाटकाबाहेर मात्र पुन्हा जाळ झाला नाही.

श्रावणात ते गेले. गल्लीतल्या पोरांनी मान द्यायचा म्हणून पुढे टेम्पोवर स्पीकर लावला. ठेका त्यांचाच, पण वर गाणं पुढाऱ्याचं. हे तिरडीवर, आणि कोणीतरी गळा ताणून भलत्याच माणसाला उदंड आयुष्य चिंतत होतं. मी फाटकातून सरळ टेम्पोसमोर जाऊन उभी राहिले.

"बंद करा ते."

"आज्जी, त्यांचंच लावलंय की."

"मग तो कशाला बोंबलतोय? त्याला काढा."

"त्यो निघत न्हाय, आज्जी. दोनी येकातच हाईत."

"मग सगळंच बंद करा."

पोरांनी बंद केलं. मी बाजूला झाले. तिरडी माझ्यासमोरून गेली. हलगी त्यांच्या छातीवर ठेवली होती, दमट हवेने कातडं सैल पडलेलं. तशीच, न तापवता, ती त्यांच्याबरोबर गेली.