आईपासून लपवलेले दोन महिने

"पॅन्क्रियाज," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा पाहून समजावू लागले, "म्हणजे स्वादुपिंड. जठराच्या मागची ग्रंथी. कॅन्सर तिथून लिव्हरपर्यंत गेलाय. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही."

आई बाहेर बाकावर बसली होती. पाठदुखी, मेलेली भूक आणि पिवळे डोळे घेऊन आम्ही सौंसरहून सकाळच्या बसनं नागपूरला आलो होतो.

"काय म्हने डॉक्टर?"

"पित्ताच्या नळीले सूज आहे म्हने. उतरते."

काही दिवसांनी तिला स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून घातलेली बारीक नळी. कावीळ उतरली, आई हिंडूफिरू लागली. माझं खोटं मलाच खरं वाटू लागलं.

लहानपणी दर पौर्णिमेला आई मला पांढरा फ्रॉक घालून विहारात न्यायची. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की ती माझा हात हळूच दाबायची. चोरून खाल्लेल्या चिंचा तिला बरोबर ठाऊक असायच्या. आजही ते आठवलं की हसू येतं.

दोन महिन्यांनी तिची ताकद गेली. तरी पौर्णिमेला ऑटोनं विहारात गेलीच. चौथ्या शीलाला माझा आवाज निघेना. घरी आल्यावर तिनं विचारलं, "सुनंदा, माह्यापासून काय लपवून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

ती खाटेवर टेकली. मग म्हणाली, "तवा मी चालत होती. मोहगावले जाऊन आली असती." मोहगावला तिची धाकटी बहीण, शांता मावशी. एका लग्नातल्या मानपानावरून सहा वर्षं अबोला होता.

"तुले वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट त वाटतेच. पण माह्यं मरण मलेच नाही सांगितलं बाई तुनं!"

दुसऱ्या दिवशी मी मोहगावला गेले. मावशी अंगणात तूर पाखडत होती. ऐकलं, सूप ठेवलं, चपला घातल्या. "चाल."

मावशी शेवटपर्यंत राहिली. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर सुरू केली होती, म्हणजे रोग हटत नसला तरी दुखणं आटोक्यात ठेवणारे उपचार. दुखणं कमी असलं की दोघी एकाच खाटेवर पडून कापूस वेचायच्या दिवसांच्या गोष्टी काढायच्या, आणि पोरींसारख्या हसायच्या.

मी शाळेत शिकवते. माणसानं कशासाठी जगावं, यावर मुलांना मोठमोठी उत्तरं लिहून दिली आहेत. आईला एकदा विचारलं. म्हणाली, "आपल्यानं कोनाचं मन दुखलं असन, त ते सारखं करून जावं. आनखी मोठं काय असते?"

आई गेली तेव्हा तिचा हात मावशीच्या हातात होता.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर घाबरा, रडा, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारा. पण उरलेले दिवस ज्याचे आहेत त्याला सांगा. मी आईचे दोन महिने माझ्याजवळ ठेवून घेतले होते. तिनं ते मला माफ केले. मावशीनं मात्र ‘आधी का नाही सांगितलं’ असं अजून एकदाही विचारलं नाही, आणि त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.