साधं सूप, अकराशे चाळीस मिली

माझं काम मोजण्याचं आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी एकवीस वर्षं आहे. यंत्रावरून उतरलेला तुकडा माझ्या टेबलावर येतो आणि मी सांगतो, हा चालेल, हा परत पाठवा. केसाच्या जाडीइतका फरक मला खपत नाही. त्यामुळं स्वतःच्या पोटाचा घेर तीन वर्षांत नऊ सेंटिमीटर वाढला हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. कपाटाच्या दाराआड पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, तारखेसह.

बायकोनं एक दिवस कपाट आवरताना ते वाचलं. "अहो, या तारखा गॅस सिलिंडरच्या काय?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या दोघांची नावं कॉलनीच्या हॉलमधल्या सकाळच्या व्यायामाच्या बॅचमध्ये घातली.

ही बॅच चाळिशीपुढच्यांसाठी होती. शिकवणारी मुलगी उचगावची, वय अठ्ठावीस, एकेकाळची कबड्डी खेळाडू. आधी ती शहरातल्या एका मोठ्या जिममध्ये शिकवायची. तिथं मालकानं ॲप आणलं. व्यायाम ॲप सांगणार, आहार ॲप सांगणार, तेव्हा माणसं कमी केली तरी चालतील असा हिशेब झाला आणि कमी झालेल्या माणसांत ही एक होती. मग तिनं सर्टिफिकेटचा आणखी एक कोर्स केला आणि आमच्यासारख्यांना गाठलं. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काका-काकू. पण गुडघा वाकडा गेला की काका-काकू संपायचं.

"काका, खुर्चीत बसताय असं बसा. खुर्ची न्हाय, ते मला बी दिसतंय."

कॉलनीच्या कमिटीनं तिला हॉल तीन महिन्यांसाठी दिला होता. त्याच हॉलवर आणखी एकाचा डोळा होता. एक कंपनी भिंतीवर मोठा पडदा लावणार होती. पडद्यावरचा कोच व्यायाम शिकवणार, कॅमेरा चुका दाखवणार, शिकवणारं माणूस लागणारच नाही. अध्यक्षांना हा प्रकार आवडला होता. त्यांनी मॅडमला स्वच्छ सांगितलं, "तीन महिन्यांत चौदा जणांच्या वजनाचा रिझल्ट दाव. न्हायतर पडदा." एका पडद्यापायी तिची एक नोकरी गेली होती. आता दुसऱ्या पडद्याशी गाठ होती.

वजनं लिहायची वही तिनं माझ्याकडं दिली. मी पहिल्याच दिवशी कारखान्यातली शिस्त लावली. काटा फरशीच्या एकाच चौकोनात, वेळ पावणेसहा, अनवाणी, अंगावर तेच कपडे. चौदा जणांचं मिळून वजन भरलं एक हजार एकेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

बॅचमधलं सगळ्यांत वजनदार माणूस म्हणजे आमचे पैलवान. पंचवीस वर्षांपूर्वी तालमीत होते, आता चार म्हशी आणि कॉलनीमागं दीड एकर शेत. मॅडमनं सगळ्यांना पावलं मोजणारी घड्याळं घ्यायला लावली होती. पैलवानांची पावलं रोज सकाळी सहाच्या आत अडीच हजारांवर असायची. मला संशय आला. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन म्हशींची धार काढलो की एवढी पडत्यातच." घड्याळ मनगटावर, मनगट खालीवर, घड्याळाला वाटायचं माणूस चालतोय. मी मॅडमला कळवलं. तिनं घड्याळ धारेच्या वेळी काढायला लावलं. पैलवान चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "रविवारी शेतावर या. रस्सा करतोय. सगळी बॅच या."

कोल्हापुरात चार माणसं कशाहीसाठी नियमानं जमायला लागली, की त्यांचं रस्सा मंडळ होतं. त्यासाठी ठराव लागत नाही. शेतात चूल मांडायची, मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, आणि वाटी धरून मागत राहायचं. आमच्या बॅचचंही तसंच झालं. फरक एवढाच, की या मंडळात सहा बायका होत्या आणि त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं, "चूल तुमची, वाटण तुमचं. आम्ही बसून खाणार." माझी बायको आंब्याखाली खुर्ची टाकून बसली आणि मी नारळ खवत होतो, हे दृश्य तिनं तिच्या तिन्ही बहिणींना फोटो काढून पाठवलं.

आता खाल्लेलं घड्याळाबरोबरच्या ॲपमध्ये लिहायचं होतं. तो मॅडमचा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम. पण ॲपच्या यादीत पोहे होते, इडली होती, पास्त्याचे नऊ प्रकार होते. पांढरा रस्सा नव्हता. तेरा जण माझ्याकडं बघायला लागले. मोजायचं खातं माझं, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं. मी वीस मिनिटं यादी चाळली. पांढरा रस्सा काय आहे? पातळ आहे. गरम आहे. ओतता येतो. मटणाच्या पाण्याचा आहे. यादीत सर्वांत जवळचं मला सापडलं ते 'सूप, साधं'. तांबडा लाल आहे, म्हणून 'सूप, टोमॅटो'.

मी अंदाजपंचे काही लिहीत नाही. घरून मापाचं भांडं नेलं होतं. वाटी एकशे नव्वद मिलीची, मी सहा वाट्या घेतल्या. लिहिलं: सूप, साधं, अकराशे चाळीस मिली. बाकीच्यांनीही तसंच लिहिलं. ॲप हिरवं झालं. तांबड्यावर तर त्यानं आम्हाला भाज्या भरपूर खाल्ल्याबद्दल शाबासकी दिली.

असे आठ रविवार गेले. व्यायाम जोरात चालला होता. बायको आता वीस किलोची कणकेची पिशवी स्वतः उचलायची आणि दारात मी दिसलो तर "सरका" म्हणायची. फक्त काटा काही खाली यायला तयार नव्हता. मी काटा दोनदा तपासून आणला. काटा बरोबर होता.

मॅडमचा रविवार दुसऱ्या एका बॅचला जायचा. ती शेतावर पहिल्यांदा आली ती अकराव्या आठवड्यात. सगळे जेवून मोबाइलमध्ये नोंदी करत होते. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या मोबाइलकडं बघितलं.

"काका, हे सूप कुठलं?"

"पांढरा," मी म्हणालो.

तिनं पातेल्यात बघितलं. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, वर तुपाचा थर. मग तांबड्याच्या पातेल्यावरचा तेलाचा कट बघितला, बोटभर. मग परत माझ्याकडं बघितलं.

"आणि हे टोमॅटो?"

मी मोबाइल पालथा ठेवला.

"हे असं लिवायचं कुणी सांगितलं?"

तेरा बोटं माझ्याकडं वळली. त्यांत एक बायकोचं होतं, आणि ते सगळ्यांत आधी वळलं.

"काका," ती हळू म्हणाली, "तुमी मिली बरोबर लिवलासा की. नुसतं काय मोजलं ते चुकलं."

मी एकवीस वर्षांत असा तुकडा टेबलावरून जाऊ दिला नव्हता. आणि हा मी स्वतः केला होता, शिक्का मारून. वर तो जायचा तिच्या खात्यावर. पंधरा दिवसांनी कमिटीपुढं वही उघडायची होती, आणि वही म्हणणार होती, की या मुलीनं तीन महिने शिकवून चौदा माणसं जाड केली.

पैलवानांच्या हे लक्षात आल्यावर त्यांचे डोळे चमकले. "त्यात काय! कुस्तीच्या आधी वजन उतरवायचं आमाला ठावं हाय की. अंगावर चार घोंगडी, पाणी बंद, दोरीच्या उड्या. एका दिसात दोन किलो काढतो. चौदा दुणे अठ्ठावीस. बोला!"

बॅच खुश झाली. माझ्या बायकोनं घोंगडी कुणाकडं आहेत हे मोजायलाही सुरुवात केली. मॅडम मात्र उठून उभी राहिली.

"एक बी घोंगडं न्हाय. तिघांना बीपी हाय इथं. पाणी बंद करून कुणी पडलं तर मी हॉल घेऊन काय करू?"

"आगं, पण पडदा येईल की," पैलवान म्हणाले.

"येऊ दे. काका खरं वजन लिवतील."

माझ्याकडं बघून तिनं हे विचारलं नाही, सांगितलं. नंतरचे दोन आठवडे आम्ही रस्सा त्याच्या खऱ्या घटकांसह लिहिला आणि ॲप लालभडक झालं. पण दोन आठवड्यांत आठ रविवारांचं भरून निघत नाही.

कमिटीची बैठक मंगळवारी संध्याकाळी झाली. पडद्याच्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, टाय लावून, लॅपटॉप घेऊन. मॅडम शेवटच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीखाली घालून. अध्यक्ष म्हणाले, "हां, वाचा."

मी उभा राहिलो. "चौदा जण. सुरुवातीचं वजन एक हजार एकेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. आजचं एक हजार सत्तेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. वाढ सहा किलो तीनशे ग्रॅम. माणशी साडेचारशे."

"वाढ?" अध्यक्ष म्हणाले.

"वाढ."

पुण्याच्या माणसानं टाय नीट केला. मी पुढं म्हणालो, "ही चूक शिकवणाऱ्यांची नाही. नोंदीची आहे. नोंद माझी आहे." आणि मी सगळं सांगितलं. आठ रविवार, वाट्यांचं माप, साधं सूप, टोमॅटो सूप. त्यानंतरचा रकाना मी खास मॅडमसाठी तयार केला होता: जमिनीवर बसून हात न टेकता उठणारे सुरुवातीला पाच, आता बारा. हा माझा हुकमाचा आकडा होता. तो मी दोनदा वाचला. कुणीही ऐकलं नाही.

"ते ऱ्हाऊ द्या ओ," अध्यक्ष पुढं झुकून म्हणाले. "रस्सा कुठं करताय?"

"पैलवानांच्या शेतात."

"माझ्या घरामागं? आठ रविवार? आनि मला म्हायती न्हाय?"

"व्यायामाची बॅच हाय अध्यक्ष," पैलवान मागून म्हणाले, "येऱ्यागबाळ्याचं काम न्हाय."

हॉलमध्ये खसखस पिकली. वेळ हातची जातेय असं वाटून पुण्याचा माणूस उठला. त्यानं आमची यंत्रणा अशा चुका होऊच देत नाही, ताटाचा फोटो काढला की पदार्थ आपोआप ओळखते, असं सांगितलं. अध्यक्षांनी त्याचं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणं, मग पांढरा रस्सा वळखंल का तुमचा पडदा?"

त्यानं लॅपटॉपवर काहीतरी शोधलं. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तो सूपमध्ये घेता येईल."

त्यानंतर अख्खा हॉल मिनिटभर हसत राहिला. कमिटीतले एक वयस्क गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. मॅडमही हसली, हात मांडीखालून निघाले. पुण्याच्या माणसाला काय झालं ते कळेना. मला त्याची दया आली, कारण तो जे बोलला तेच मी पहिल्या रविवारी बोललो होतो, आणि मी तर इथलाच.

हॉल मॅडमला वर्षभरासाठी मिळाला. अध्यक्षांनी एक अट घातली: कमिटीतल्या इच्छुकांना बॅचमध्ये घ्यावं. इच्छुक सगळे होते. मॅडमनंही उभं राहून तिची अट घातली. रस्सा महिन्यातून एकदा, वाटी ती आणणार, आणि पातेली, पाणी, सरपण हे सगळं शेतापर्यंत पाठीवर घेऊन चालत जायचं, लांबच्या वाटेनं. "पाठीवर वजन घेऊन चालायचं फॅड सगळीकडं आलंय आता," ती म्हणाली. "आपल्याकडं निदान पातेलं तरी हाय."

सोमवारी पावणेसहाला अध्यक्ष हजर झाले. मी त्यांना चौकोनातल्या काट्याकडं बोट दाखवलं.

"पायताण काढू?"

"काढा."

"मोबाइल?"

"तोही."

ते काट्यावर चढले, श्वास रोखला आणि पोट आत ओढून ताठ उभे राहिले. मॅडम बायकांना हात वर घ्यायला सांगत होती, तिची पाठ आमच्याकडं होती. अध्यक्षांनी दात न उघडता विचारलं, "किती?"

पोट आत ओढल्यानं काट्यावर काहीही फरक पडत नाही. मी त्यांना ते सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम, असं मोठ्यानं वाचलं आणि वहीत पंधराव्या ओळीवर लिहिलं.